श्रेयनामावलीची शेवटची ओळ

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे आमच्या साप्ताहिकाचे मालक आणि व्यवस्थापक, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आमचे सर, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या त्यांच्या थोरल्या कन्या, सभागृहातले गेम बनवणारे, गेम विकणारे, आणि या दोघांवर व आमच्यावरही सारख्याच प्रेमानं चिडत आलेले वाचकहो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मला दहा मिनिटं दिली आहेत. सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंनी मघाशी कानात सांगितलं, "हलकंफुलकं बोल हं, सगळ्यांना चहाची घाई आहे." ताई, सुरुवात तशी करते. पुढचं जमेलच असं नाही.

सरांच्या कन्येबरोबर आलेल्या पाहुण्यांना कदाचित माहीत नसेल, म्हणून सांगते. आमच्या साप्ताहिकात 'नवे खेळ' नावाचं एक पान असतं. बाजारात नुकतेच आलेले व्हिडिओ गेम आम्ही खेळतो, त्यांवर परीक्षण लिहितो आणि दहापैकी गुण देतो. हे पान सरांनी बावीस वर्षं चालवलं. त्यातली शेवटची तीन वर्षं त्यांच्या हाताखाली मी होते.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. माझे वडील इस्त्रीचं दुकान चालवतात. नोकरी कसली, हे त्यांना सांगितलं तेव्हा हातातली इस्त्री तशीच उभी ठेवून ते म्हणाले, "खेळत बसायचीस म्हणून मी तुला ओरडायचो. आता काय, खेळत बसली नाहीस म्हणून ओरडायचं?"

मुलाखतीत सरांनी मला आवडलेला गेम विचारलाच नाही. ते म्हणाले, "न आवडलेला सांगा. आणि तो बनवणाऱ्याची आई समोर बसली आहे असं समजून सांगा." मी तेव्हा नुकतीच शिकून बाहेर पडले होते. टीका म्हणजे सत्य आणि सत्याला भीडभाड नसते, असं काहीसं बाणेदार बोलले. सर हसले. म्हणाले, "सत्य ठीक आहे. पण खोलीत आई आहे, हे विसरू नका."

आमची खोली जिन्याखालची. वर कुणी घाईनं चढलं की स्क्रीन थरथरायचे. बटणं झिजलेले कंट्रोलर चिकटपट्टी लावून एका कपाटात ठेवलेले, आणि सरांच्या खुर्चीत पाठीला एक चपटी उशी. शुद्धलेखन तपासणाऱ्या काकू दारातून डोकावून रोज एकच प्रश्न विचारायच्या, "काय हो, आज किती वेळा मेलात?" आणि सर मान वर न करता उत्तर द्यायचे, "दुपारपर्यंत सतरा. जेवून पुन्हा मरतो."

ही थट्टा नव्हती, ते खरंच मोजायचे. एका गेममध्ये एक पूल होता आणि तिथून सर सारखे पडत होते. दुसरा कुणी असता तर त्यानं लिहिलं असतं, पूल वाईट बांधलाय. सरांनी लिहिलं, "मी या पुलावरून एक्केचाळीस वेळा पडलो. त्यातल्या तीस वेळा चूक माझी होती. उरलेल्या अकरा वेळांबद्दल आता लिहितो." हे ज्यांनी वाचलं असेल त्यांना आठवत असेल. गेम बनवणाऱ्यांनी तो पूल पुढच्या महिन्यात दुरुस्त केला. आजच्या बोलण्याच्या नादात कुणाला असं वाटायला नको की सर नुसते सज्जन होते. ते फार काटेकोर होते. सज्जनपणा त्या काटेकोरपणातून यायचा.

आणि त्यांचा एक नियम होता. गेम संपल्यावर, तो ज्यांनी बनवला त्यांची नावं खालून वर सरकत जातात. श्रेयनामावली. आपण बहुतेक जण तिथे उठतो. सर म्हणायचे, "माणसांनी वर्षं घातलीत, तू दहा मिनिटं घाल." त्या यादीतलं अगदी शेवटचं नाव आम्ही आपल्या लेखाच्या समासात पेन्सिलीनं लिहायचं. ते छापलं जात नसे. फक्त सरांनी पाहायचं. समासात नाव असलं की परीक्षकानं गेम शेवटपर्यंत खेळला आहे, असं ते धरून चालायचे आणि पुढे एक शब्द विचारायचे नाहीत. परवानगी, सही, पुरावा सगळं त्या एका नावात.

आता मघाशी व्यवस्थापक साहेब जे बोलले त्याकडे वळते. साहेब म्हणाले, वय झालं की नजर थोडी सैल पडते, सरांच्या हातूनही एक चूक झाली आणि त्यांनी ती मोठ्या मनानं कबूल केली. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या. पहिल्या दोन वाजवल्या, मग हात उचलेनात.

सर, कृपा करून मान हलवू नका. मी बोलणार आहे.

चार महिन्यांपूर्वी 'आवराआवर' नावाचा एक छोटा गेम आला. दोन बहिणींनी एका खोलीत बसून केलेला. थोरलीनं चित्रं काढली, धाकटीनं बाकी सगळं केलं. त्यात एका मुलीचे वडील गेलेत. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान तिला रिकामं करायचं आहे. आपण एकेक वस्तू उचलायची आणि ठरवायचं, ठेवायची, कुणाला द्यायची, की टाकायची. बस्स. सुरू करतानाच गेम विचारतो, "कुणाची आठवण येते? नाव लिहा." मला पुढे जायची घाई होती. मी 'क' हे एकच अक्षर दाबलं आणि आत गेले.

चार तास खेळले. स्क्रू, पट्टे, काचा, डबे. चौथ्या तासाला मला एक वाक्य सुचलं. ते असं होतं, "या गेममध्ये दुसऱ्याची अडगळ उपसायची आहे, आणि ज्यांची आहे ते हुशारीनं निघून गेलेत." खोलीतल्या सगळ्यांना मी ते वाचून दाखवलं. सगळे हसले. काकू तर खुर्चीला धरून हसल्या. त्या क्षणी माझ्यासाठी गेम संपला होता. आपल्याला एक धारदार वाक्य सापडलं की पुढचं बघायची इच्छाच मरते, कारण पुढे काही चांगलं निघालं तर वाक्य हातचं जाईल. हे लेखक मंडळींनाच कळेल असं नाही. आपण माणसांबद्दलही असंच करतो ना?

वेळ नव्हता असं मी म्हणणार नाही. अख्खा एक दिवस हातात होता. तो मी त्या वाक्याला चकाकी देण्यात घालवला.

समासात नाव हवं होतं. कुणा अनोळखी माणसानं तो गेम खेळून त्याचा व्हिडिओ नेटवर टाकला होता. मी तो सरकवत शेवटाला नेला, शेवटची ओळ पाहिली आणि पेन्सिलीनं लिहिली. 'छकुली'. वाटलं, बनवणाऱ्यांपैकी कुणाचं तरी मूल असेल. दहापैकी तीन गुण दिले. सरांनी लेख वाचला, समास पाहिला, आणि लेख छापायला गेला.

आठवड्यानं त्या बहिणींचं पत्र आलं. त्यात तक्रार नव्हती. एकच ओळ होती, "आपण शेवटपर्यंत खेळलात का, एवढंच कळवाल का?" सरांनी स्वतःच्या हातानं उत्तर लिहिलं, की आमच्याकडे श्रेयनामावलीतलं शेवटचं नाव नोंदवल्याशिवाय परीक्षण छापत नाही, आमच्या परीक्षक बाईंनी ते नोंदवलं आहे, ते नाव छकुली. बावीस वर्षांचा विश्वास त्यांनी माझ्या वतीनं त्या पत्रात ठेवला.

उलट टपाली उत्तर आलं. थोरलीनं लिहिलं होतं, "ते नाव आम्ही घातलेलं नाही. सुरुवातीला खेळणारा जे नाव लिहितो तेच शेवटी येतं. आपल्या परीक्षक बाईंची छकुली कोण होती ते आम्हांला ठाऊक नाही. पण त्यांच्या दुःखात हा गेम त्यांना नकोसा झाला असेल, तर आमचं काही म्हणणं नाही. त्यांची काळजी घ्या."

सरांनी हे पत्र मला आधी दाखवलं नाही. ते माझ्या टेबलाशी आले, स्टूल ओढून बसले आणि अगदी हळू विचारलं, "बाळ, छकुली कोण गं?"

आणि मी म्हणाले, "कोण छकुली?"

सर रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठले, स्टूल जागेवर ठेवलं, आपल्या खुर्चीत उशी नीट केली आणि 'आवराआवर' सुरू केला. तो दिवस आणि दुसरा अर्धा दिवस ते खेळले. काकू दारात आल्या, पण त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. संपल्यावर सरांनी कंट्रोलर कपाटात ठेवला. त्यांच्या शेवटच्या ओळीत कुणाचं नाव आलं, हे मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "ते तिथेच राहू दे."

मग मीही राहिलेला गेम खेळले. शेवटच्या तासात दुकान रिकामं होतं. आपण ज्यांना ज्यांना काही दिलेलं असतं, ते एकेक करून येतात आणि त्या वस्तूचं काय झालं ते सांगतात. मी पहिल्या चार तासांत जवळजवळ सगळं टाकून दिलं होतं. त्यामुळे माझ्याकडे एकच बाई आली. तिनं डबा परत दिला. मग नावं सरकली. आणि शेवटी, मोठ्या काळ्या पडद्यावर, एकटं 'क'.

माझ्याकडे लिहायला नाव नव्हतं असं नाही. मी कॉलेजात गेले त्या वर्षी माझी आई गेली.

पुढच्या अंकात जाहीर माफी छापून आली. "गेम पूर्ण न खेळता परीक्षण छापलं गेलं. जबाबदारी या पानाच्या संपादकाची, म्हणजे माझी." खाली सरांची सही. मी आत जाऊन म्हणाले, नाव माझं घाला. ते म्हणाले, "चूक पानाची असते, आणि पान माझं आहे. तुला अजून तीस वर्षं लिहायचंय, मला दोनच." आणि मी गप्प बसले. व्यवस्थापनानं ती दोन वर्षंही ठेवली नाहीत, तेव्हाही मी गप्प बसले. त्यांच्या जागी माझी नेमणूक झाल्याचं पत्र आलं. ते मी घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि गप्प बसले. चार तास खेळून लिहिणं ही चूक होती असं एक वेळ म्हणता येईल. या चार महिन्यांना चूक म्हणता येणार नाही.

त्या बहिणींचं काम बंद झालं. थोरली आता चित्रकला शिकवते, धाकटी कुठल्याशा कार्यालयात लागली आहे. एका लेखानं कुणाचं काम बंद पडत नाही, असं सर मला सांगतात. सर खोटं बोलत नाहीत. पण हे ते माझ्यासाठी बोलतात.

दुसऱ्या रांगेत दोन खुर्च्यांवर कागद चिकटवलेत, ते आपण पाहिले असतील. सरांनी त्या दोघींना स्वतः बोलावलं होतं. खुर्च्या रिकाम्या आहेत. मी त्यांच्या जागी असते तर मीही आले नसते.

अध्यक्ष महोदय, उद्यापासून त्या खोलीतल्या खुर्चीवर माझी नेमणूक आहे. ते पत्र मी इथे टेबलावर ठेवते आहे. पुढे मला कामावर ठेवायचं की नाही, हे मालकांनी ठरवावं. ठेवलंत तर पुन्हा पहिल्या पायरीपासून ठेवा. पण येत्या अंकात 'आवराआवर'चं पूर्ण परीक्षण माझ्या नावानं आणि माझ्या माफीसह छापावं, ही हात जोडून विनंती आहे.

शेवटच्या रांगेत माझे वडील बसले आहेत. लेकीला खुर्ची मिळाली, हे ऐकायला आज त्यांनी दुकान बंद ठेवलं. मी त्यांना सकाळी सगळं सांगितलं. ते स्वतःचाच शर्ट इस्त्री करत होते. त्यांनी बाही संपवली. मग म्हणाले, "मग सांग की तिथे उभं राहून. मी येतो. शर्ट झालाय."

बोलण्याची संधी दिलीत, चहा थांबवून ऐकून घेतलंत, याबद्दल मी सगळ्यांची आभारी आहे. कुणाचा उल्लेख राहिला असेल, मान द्यायला कमी पडले असेन, तर तेवढं सभागृहानं पोटात घालावं. तेवढंच. बाकी जे आहे त्याची माफी इथे मागून मला सुटायचं नाही. ती मागायला मला त्या दोन खुर्च्यांच्या मालकिणींच्या दारात जावं लागेल, आणि दार उघडलं नाही तर परतही यावं लागेल.

सर, तुम्हांला द्यायला मी काही आणलेलं नाही. 'आवराआवर' मी काल पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. त्यानं नाव विचारलं. आईचं लिहिलं, पूर्ण लिहिलं. पहिल्या तासात एकही वस्तू टाकली नाही. अजून बरेच तास बाकी आहेत. शेवटची ओळ आली की समासात पेन्सिलीनं लिहीन, आणि तो कागद तुमच्या घरी आणून देईन. तुम्ही तपासा.

नमस्कार.