इंजिन ज्यानं बसवलं त्याला घेऊन या

आता मला सांगा, गाडी धुराच्या तपासणीत पास झाली की नाही? झाली! मागे नळी खुपसली, मशीननं घुर्रघुर्र केलं, कागद बाहेर आला, तपासणारा स्वतः म्हणाला, "मॅडम, नव्या गाड्यासुद्धा इतका स्वच्छ धूर सोडत नाहीत." मी अशी फुलले, जसा काही पेपर मीच सोडवला होता... आणि तेवढ्यात त्यानं बोनेट उघडलं, गाडीचं नोंदणीचं पुस्तक उघडलं, एकदा आत बघितलं, एकदा पुस्तकात बघितलं आणि म्हणाला, "हे इंजिन या गाडीचं नाही."

नाहीच आहे. मी कुठे आहे म्हणतेय? जुनं इंजिन तेल प्यायला लागलं होतं, म्हणून माझ्या नवऱ्यानं कुठल्यातरी ठोकलेल्या गाडीतलं बरं इंजिन शोधून आणलं आणि यात बसवलं. स्वतःच्या हातानं. मेकॅनिक नाही हं, चष्म्याच्या दुकानात होता. आठवडाभर मुंगीएवढे स्क्रू पिळून माणूस इतका वैतागायचा, की रविवारी त्याला सुपारीएवढे नट लागायचे. पाच महिन्यांचे रविवार गेले त्यात. जेवायला दहा हाका मारा, बोनेटखालून "आलोच" यायचं, माणूस काही यायचा नाही.

तर तपासणारा म्हणाला, पुस्तकात इंजिनाचा नंबर बदलून मिळेल, पण बसवणाऱ्याची सही लागते. "इंजिन ज्यानं बसवलं त्याला घेऊन या."

आता इथे मी काय सांगायला हवं होतं? की बाबा रे, आठ महिने झाले त्याला जाऊन. एवढंच. एका वाक्याचं काम. पण मागे चौदा गाड्या हॉर्न वाजवतायत, याच्या हातात ती काळी नळी... आणि तुम्हाला सांगते, नवरा वारला म्हटलं की समोरच्याची मान जी एका बाजूला कलते ना, ती बघून बघून माझीच मान आखडलीय. म्हणून तोंडातून निघून गेलं, "बाहेरगावी गेलेत."

झालं! त्यानं लगेच फॉर्मवर लिहिलंसुद्धा. बसवणारा बाहेरगावी, परत आल्यावर हजर राहील. खाली शिक्का. पंधरा दिवसांनंतरची तारीख.

पंधरा दिवसांनी गेले. आले का मिस्टर? अजून नाही. लांब गेलेत का? बरेच. बरं, मग इंजिन ज्यानं बसवलं त्याला घेऊन या. पुन्हा पंधरा दिवस. तिसऱ्यांदा गेले तर म्हणे फोनवर द्या, मी बोलतो. म्हटलं, तिकडे लागत नाही. त्यावर तो म्हणाला, पुढची तारीख शेवटची. नाही आले तर पुस्तक रद्द आणि गाडी भंगारात. भंगारात, कळलं का? पाच महिन्यांचे रविवार.

तरी चौथ्या तारखेलासुद्धा मी तशीच गेले, रिकाम्या हातानं, पदरात घालून आणता येईल असा थोडाच होता तो. बाकावर बसले. तिथला शिपाई पाणी घेऊन आला, शेजारी टेकला आणि हळूच म्हणाला, "ताई, राग मानू नका. पण तो माणूस आता येत नाही. दुसरं घर केलं असणार त्यानं."

मी पाणी प्यायले. नाही म्हटलं नाही म्हणजे कबूलच, नाही का? पाच मिनिटांत सगळ्या ऑफिसला खबर. मला पंख्याखालची खुर्ची मिळाली. खिडकीतल्या बाई तर काम टाकून उठून आल्या आणि म्हणाल्या, "असल्या माणसाला सोडू नका हो. कोर्टात खेचा मेल्याला."

आता मात्र माझं डोकं फिरलं. रविवारी गाडीचं बोनेट सोडून दुसरं दार उघडलं नाही त्या माणसानं, आणि त्याला कोर्टात? मी म्हटलं, "तोंड सांभाळा. वारलाय तो. साडेनऊ महिने झाले."

सगळ्यांच्या माना कलल्या. एकदम. जशी काही कवायत.

मग मोठे साहेब बाहेर आले. पांढरे केस, चष्मा नाकावर. म्हणाले, "अहो, पहिल्या दिवशी सांगितलं असतं, तर दाखला जोडून तुमची सही घेतली असती. दहा मिनिटांचं काम."

माहीत होतं मला. खोटं कशाला बोलू? दुसऱ्या खेपेलाच भिंतीवरच्या पाटीवर वाचलं होतं. पण बँक, रेशन, विमा... सगळीकडे त्याच्या नावावर मी स्वतः रेघ मारून आले होते. साऱ्या जगात हा एकच कागद उरला होता, ज्यावर तो परत येणार होता. शिक्क्यासकट.

साहेबांनी बोनेट उघडायला सांगितलं. टॉर्च मारून बघत राहिले. मग म्हणाले, "हे लाल काय आहे?" वाकून बघितलं, तर प्रत्येक बोल्टवर एक बारीक लाल रेघ. साहेब म्हणाले, "बोल्ट पुरता आवळला की अशी खूण करायची असते, सैल झाला तर रेघ तुटते. चांगले लोक करतात. पण हा रंग..."

रंग मी ओळखला. माझी नेलपॉलिश! भाचीच्या लग्नासाठी आणलेली, एकदाच लावलेली. ती हरवली म्हणून मी नणंदेवर आळ घेतला, दोन महिने अबोला धरला, आणि हा शहाणा जेवताना मान खाली घालून म्हणायचा, "जाऊ दे ना, सापडेल."

सापडली की. एकही रेघ तुटली नव्हती.

साहेबांनी फॉर्म पुढे केला. 'बाहेरगावी'वर रेघ मारली, तीसुद्धा मीच, आणि सही केली. काचेवर स्टिकर लागला. गाडी पास, इंजिन पास.

निघताना साहेब बोनेट लावायला गेले आणि थबकले. "डावीकडचा हा एक राहिलाय. घट्ट आहे, पण खूण नाही. मिस्टरांना सांगा..." आणि एकदम जीभ चावली, कानापर्यंत लाल झाले बिचारे.

आता एवढ्या भल्या माणसाला कुठे ओशाळं करायचं?

म्हटलं, "सांगते. बाहेरगावाहून आले की."