ओढून कोण बघतंय?

भावांनो, बायांनो, आणि या शोकसभेला उधन्याहून शिफ्ट बुडवून आलेल्या सगळ्यांनो,

मला माईक धरायची सवय नाही. आज धरलाय तो रडू येतंय म्हणून नाही, राग येतोय म्हणून. मी विमल. लोटनभाऊची धाकटी बहीण, आणि त्याच्याच टेबलावर काम करणारी. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. समोर बसलेल्याबद्दल तसं कोणी म्हटलेलं नाही.

भाऊचं काम तुम्हाला ठाऊक आहे. शाळेच्या पोरांच्या मनगटातले सिलिकॉनचे पट्टे. मशीन त्यावर नाव कोरायची, भाऊ त्या कोरीव अक्षरांत रंग भरायचा. आधी खाचेतली भुकटी स्पिरिटने पुसायची, मग सिलिकॉनचाच रंग भरायचा, वरचा निपटून काढायचा आणि पट्टा भट्टीत भाजायचा. मी नवीन होते तेव्हा विचारलं, साधा रंग का नको? भाऊ म्हणाला, "बाई, याले दुसरा रंग धरस नही. ओढा का निंघी जास."

मग आमच्या कारखान्याच्या शेठनी एक दिवस साधा ऑइलपेंट आणून ठेवला. भाऊ म्हणाला, शेठ, हा टिकणार नाही. शेठ हसले. "चालशे, लोटन! ओढून कोण बघतंय?"

आठवतंय ना शेठ? मी तिथेच होते.

पोरांनी ओढून बघितलं. पोरं दुसरं काय करणार? सगळा माल परत आला. आणि शेठनी सगळ्या कारागिरांसमोर सांगितलं, लोटनने पट्टे कच्चे भाजले. चोर तो चोर, वर शिरजोर! तेवढ्यावर भागलं नाही. पार इच्छापोरच्या कारखान्यांपर्यंत फोन फिरले. एकाही कारखान्याने भाऊला रंगाच्या टेबलावर बसू दिलं नाही. रंगाचा माणूस कापडाच्या गाठी उचलायला लागला. घरी आला की भिंतीकडे तोंड करून बसायचा. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मी म्हणते, बदनामीने मारलं.

आज शेठनी दारातच तुम्हा सगळ्यांना एकेक पट्टा वाटलाय. 'लोटनभाऊ अमर रहे.' छान चकाकतोय, नाही?

काढा हातातून. सगळ्यांनी काढा. दोन बोटांत अडकवा आणि ओढा. जोरात ओढा, घाबरू नका.

बघा. खाली अंथरलेल्या पांढऱ्या चादरीवर बघा, काय पडलंय ते. माझ्या भावाचं नाव पडलंय. मेल्यावरही त्याला तोच रंग लावला, शेठ!

आता माझ्या हाताकडे बघा. हा पट्टा भाऊने मला राखीच्या दिवशी करून दिला होता. हा घालूनच भांडी घासली, हा घालूनच धुणं धुतलं. हे बघा, ओढते. 'विमल' जागचं हललं नाही.

लोक मला सांगतात, माफ कर, मोकळी हो. मला माफ करायचं नाही. ज्या माणसांसमोर भाऊचं नाव घालवलं, त्याच माणसांसमोर मला ते परत हवंय.

आता उठा. लोटनभाऊसाठी दोन मिनिटं आपण सगळे गप्प उभे राहू. शेठ, तुम्ही सोडून. तुम्ही बोलायचं. एवढंच बोलायचं, की रंग मी बदलला.

हा घ्या माईक. आम्ही ऐकतोय.