ओल्या बर्फात ब्लोअर

...आणि वर माझा नवरा उर्पो मलाच म्हणतो, "हिल्का, तुला यंत्रातलं काय कळतं?" मला! तुम्हाला सांगते, लग्न होऊन ह्या टेकडीवर आले तेव्हापासून गोठ्याचा रस्ता मीच मोकळा करते. बर्फ बघून अवजार लावावं, एवढं साधं आहे! भुरभुरीत कोरडा असो की ओला, ट्रॅक्टरला पुढे तिरकं पातं, बर्फ आपोआप कडेला लोळत जातो. वाऱ्यानं कुंपणाशी कंबरभर रचला की मागे ब्लोअर, पार झाडांपलीकडे उडवतो. अंगणातले ढीग उचलायचे तर बकेट. ह्यात अवघड काय?

पण आमच्या उर्पोनं नवा ब्लोअर आणलेला ना! त्या सकाळी पावसात भिजलेला चिखलासारखा बर्फ, दुधाची टाकी काठोकाठ, दूधगाडी यायची वेळ, ती वर चढली नाही तर संध्याकाळचं दूध गटारात... आणि हा मान मागे वळवून, ट्रॅक्टर उलटा हाकत निघाला! दोन फुंकरी मारल्या, की ब्लोअरच्या नळीत बर्फ मळलेल्या कणकेसारखा घट्ट. इंजिन बंद, काठीनं कोचतोय. "थांब, सुटेल आत्ता!" सुटला, पुन्हा बसला! अरे, बर्फ बघून अवजार लावावं!

तेवढ्यात दूधगाडीच्या ताइस्तोचा फोन. "हिल्काताई, चढाखाली उभा आहे. येऊ, की पुढच्या गोठ्याकडे वळू?"

"खबरदार वळलास तर! थर्मासमधली कॉफी पी!"

ब्लोअर तिथेच उतरवला, पुढे जुनं पातं चढवलं, आणि सुटले! काय सांगू तुम्हाला, तो ओला बर्फ सायीसारखा गुंडाळत गेला, वर शेजाऱ्याच्या फाटकासमोर बर्फाचा बांधसुद्धा सोडला नाही मी! आहे कुणाची टाप नाव ठेवायची? गाडी एका दमात वर. ताइस्तो उतरला, रस्ता निरखून म्हणाला, "वाईट नाही." हसू नका! आमच्याकडे नवरीलाही ह्याहून जास्त कुणी म्हणत नाही.

मग त्यानं गोठ्यागोठ्यात सांगितलं, आणि आता अख्खी टेकडी रस्ता मोकळा करून घ्यायला आमच्याकडे फोन करते. घेतो कोण? उर्पो! कॉफी ढवळत, कडक आवाजात विचारतो, "आधी बर्फ कसा पडलाय ते सांगा. बर्फ बघून अवजार लावावं लागतं!"

...आणि फोन ठेवून मला हाक मारतो, "हिल्का, ऊठ, आपण येतोय म्हणून सांगितलंय!"