फाटकाजवळची फरशी

फरशीच्या दुकानात माझ्यापुढे एक वयस्कर नवरा-बायको उभे होते. काउंटरवर अंगणाचा कच्चा नकाशा पसरला होता, पलीकडे दुकानदार वही उघडून बसला होता.

"मोजून आणलंय. एकशे चाळीस. जुन्या सगळ्या उखडायच्या."

"सगळ्या नाही हो. फाटकाजवळची राहू द्या."

"अगं, तीच तर हलते! पाय पडला की खडखडते, पावसात चिखलाची पिचकारी थेट पँटवर."

"पँट कोण धुतं?"

"तू धुतेस. आणि दिवसभर ऐकवतेस."

"काकू, राखाडी फरश्यांत ती एकटी तांबडी वाईट दिसेल."

"दिसू दे. तुम्हाला कुठे रोज बघायचीय?"

"बरं बाई, ठेवू. पण खाली सिमेंट घालून पक्की करून घेऊ."

"खबरदार! हलते तशीच हलू दे."

"हे काय नवीन खूळ? एखाद दिवशी आपटेन मी."

"तेवीस वर्षांत आपटलात?"

"नाही. पण कारण तरी कळू दे."

"संध्याकाळी तुम्ही पाय धुऊन आत येता, तेव्हा चहा कसा असतो?"

"वाफाळता. तुझा अंदाज कधी चुकत नाही, चारचौघांत सांगतो मी."

"अंदाज कसला डोंबलाचा! फरशी वाजली की मी गॅस पेटवते."

"आणि दुसरं कुणी आलं तर?"

"बाकी सगळे तिला ओलांडून येतात. रोज बरोबर तिच्यावरच पाय देणारे तुम्ही एकटे."



"काका, मग किती लिहू?"

"एकशे एकोणचाळीस."