तीस मोठे की बारा?

मंडळी, एक प्रश्न विचारतो. उत्तर मनातल्या मनात द्या. तीस मोठे की बारा?

हसलात! सगळे हसलात — फक्त खांबाला टेकून बसलेले आमचे करसल्लागार काका हसले नाहीत. का? त्यांना ठाऊक आहे, या प्रश्नात भलेभले फसतात! आता दुसरा प्रश्न, हा जरा जड आहे. माणूस घेताना एवढा शहाणा असतो, मग देताना त्याची अक्कल कुठं गहाण पडते? हा प्रश्न पदराला बांधून ठेवा. गाठ शेवटी सोडू.

तर ऐका. कुणा एका राजाच्या राज्यात नदीकाठी करडवाडी नावाचं गाव होतं. तिथं तेल्यांची आळी, आळीत बावीस घाणे. त्यातला एक घाणा येसाजी तेल्याचा. पण येसाजी आषाढात पाय मोडून खाटेला खिळला, आणि घाणा आला त्याच्या बायकोकडं — राहीकडं. राही आणि तिचा बैल हौशा. हौशा गोल फिरायचा, राही दाणे लोटायची, तेल गळायचं, घर चालायचं. हौशा थांबला की चूल थांबली, एवढं साधं!

राजाचा कर कसा? वर्षाच्या तेलात पाचात एक. शंभर घागरी गाळल्या की वीस सरकारात. राहीच्या बरोब्बर शंभर झाल्या होत्या. म्हणजे कर वीस घागरी. आणि घरात शिल्लक किती? नऊ! बाकीचं तेल येसाजीच्या पायात गेलं — वैद्य, हाडजोड्या, लेप, काढे. कर भरला नाही तर काय? मकरसंक्रांतीच्या दिवशी सरकारी माणूस येणार आणि बैल सोडून नेणार. हौशाच्या मानेवरून हात फिरवताना राही संक्रांतीचे दिवस मोजायची.

पण राजा भला होता. नदीच्या उतारावर नावाडी चुकू नयेत म्हणून घाटावर दिवे लागायचे, आणि त्यात तेल घालायची पाळी तेल्यांची. वर्षभर ज्यांनी पाळी चुकवली नाही, त्यांना राजानं सवलत दिली. आळीत कुणीच पाळी चुकवली नव्हती, राहीनंसुद्धा नाही हो! नवरा खाटेवर कण्हत असताना बाई तेलाचं भांडं घेऊन घाटावर जायची. सवलत दोन तऱ्हेची होती, त्यातली एकच निवडायची. पहिली — गाळलेल्या तेलातून तीस घागरी वजा. दुसरी — करातून बारा घागरी वजा.

झालं! आळीत जल्लोष! तीस कुठं, बारा कुठं! आळीचे म्होरके हैबतीमामा. मिशीला पीळ देत म्हणाले, यात विचार काय करायचा? आणि चावडीवर जाऊन पहिला अंगठा त्यांनी उठवला, तीसवर. त्यांच्या मागं वीस अंगठे. मेंढरं तरी पुढच्याचं शेपूट बघून चालतात, यांनी तेवढंही बघितलं नाही!

राहिली एकटी राही. संक्रांतीला एक दिवस उरलेला. चावडीवर गेली. कारकून त्र्यंबकपंत बसलेले. वसुली जास्त दिसली की वरून शाबासकी येते, हे पंतांना पक्कं ठाऊक. पण माणूस खोटं बोलणारा नव्हता, बरं का! त्यांनी फक्त विचारलं, "बाई, तीस मोठे की बारा?" एवढंच. खोटं एक अक्षर नाही! मंडळी, माणूस बुडवायला खोटंच बोलावं लागतं असं थोडंच आहे?

राहीनं अंगठा शाईत बुडवला. तीसवर टेकवणार — आणि थबकली.

सकाळचीच गोष्ट आठवली तिला. गावातल्या गोपिकाकाकू करडई घेऊन घाण्यावर आल्या होत्या. काकू म्हणजे चिकटपणात डिंकाच्या वरताण! तेल गाळायची मजुरी म्हणून राही पाचात एक शेर ठेवून घ्यायची, घाण्याची रीतच तशी. काकू म्हणाल्या, "राही, माझ्या तेलातले पाच शेर आधी बाजूला काढ, उरलेल्यात तुझा वाटा धर." राहीनं हसत हो म्हटलं. का? तिचं नुकसान एकाच शेराचं! काकू पाच शेर सुटले म्हणून खूश, राही एकच गेला म्हणून खूश. पण काकू जर म्हणाल्या असत्या, 'तुझ्या वाट्यातले पाच शेर सोड' — तर राहीनं करडईसकट त्यांना दारातून परत पाठवलं असतं!

अंगठ्याला शाई तशीच. राहीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं बाई, घाण्यावर वाटा मी घेते. इथं वाटा राजा घेतोय. इथं गोपिकाकाकू मीच आहे!

पंतांना तिनं मोठ्यानं विचारलं, "पंत, हे तीस कुठनं जाणार? माझ्या तेलातनं, का सरकारच्या वाट्यातनं?"

पंत वही चाळू लागले. चावडीवर राजाचे अंमलदार हजर होते, त्यांनी मान वर केली आणि सांगितलं, तेलातनं. राहीनं कोपऱ्यातले मोजणीचे चिंचोके ओढले आणि भुईवर मांडले शंभर. मी एकेक मोजत बसत नाही, नाहीतर आरती उद्यावर जाईल! शंभरातले तीस काढले, उरले सत्तर. त्याचा पाचवा हिस्सा चौदा. म्हणजे तीसचा एवढा डंका, आणि वाचल्या किती? सहा! आता दुसरी तऱ्हा. शंभराचा कर वीस. विसातून थेट बारा गेले. उरले आठ!

चौदा भरायच्या तर घरात नऊच, हौशा गेला. आठ भरायच्या तर हौशा दारात, वर एक घागर शिल्लक! राहीनं अंगठा उठवला बारावर. असा दाबला की कागदापलीकडं शाई उतरली!

आणि बाई थेट घरी गेली का? नाही. आधी आळीत गेली, चिंचोक्यांचा सगळा हिशेब सांगितला. हैबतीमामांचा चेहरा आंबट झाला. ते म्हणाले, "पोरी, जन्म गेला आमचा वाटे मोजण्यात, तू आम्हाला शिकवतीस?"

राही म्हणाली, "मामा, घेताना आपण कधी चुकलो नाही. आज द्यायची पाळी आली, म्हणून चुकलो."

मामा ताडकन उठले. मग पायात वहाणा न घालता धावले चावडीकडं, आणि मागं सगळी आळी! अंमलदार न्यायाचे होते. ते म्हणाले, मुदत दिवस मावळेपर्यंत आहे, अंगठे बदला. एकवीसच्या एकवीस बदलले. आणि पुढच्या वर्षी कुणी फसू नये म्हणून दवंडी पिटायला कुणाला उभं केलं? त्र्यंबकपंतांना! गावभर ओरडत फिरले बिचारे — "तीस तेलातून जातात हो! बारा करातून जातात हो! नीट समजून अंगठा उठवा!"

संक्रांतीला सरकारी माणूस आला, आठ घागरी घेऊन गेला. हौशाच्या शिंगांना राहीनं गोंडे बांधले. खाटेवरून येसाजी बघत होता, त्याचे डोळे भरून आले. उरलेली नववी घागर? राहीनं डोक्यावर घेतली आणि घाटावर निघाली. त्या दिवशी पाळी तिची होती ना!

काका, आता हसायला हरकत नाही. तुमच्या कचेरीतही हेच! वजावट उत्पन्नातून जाते, सूट थेट करातून जाते. आकडा बघू नका, तो कशातून जातो ते बघा.

आता पदराची गाठ सोडा. मंडळी, आपल्या डोक्यावरही कर आहे. जन्म दिला त्यांचा, शिकवलं त्यांचा, अडीनडीला धावले त्यांचा. आणि आपण काय करतो? मंडपाला तीस हजार देतो, फरशीवर नाव कोरून घेतो. द्या, वाईट नाही! देव ते मिळकतीतून वजा धरतो, वहीत थोडा फरक पडतो. पण घरात म्हातारी आई चार दिवस वाट बघते आहे, कुणीतरी दोन शब्द बोलेल म्हणून. तिच्याजवळ बसलेली अर्धी घटका — ती थेट ऋणातून वजा होते! आकडा लहान, फरशीवर नाव नाही, पण जाते तिथूनच जिथून जायला हवी.

तेव्हा टाळी वाजवा, प्रसाद घ्या, आणि घरी जाऊन कुणाजवळ बसायचं ते इथून उठण्याआधी ठरवा. अंगठ्याला शाई लागलेली आहे मंडळी, आणि दिवस अजून मावळलेला नाही.