जिनमधली हळद

चवीच्या बाबतीत मला कुणी शिकवायचं न्हाई, आधीच सांगून ठेवतो.

औंदा माझा पुण्याचा मेहुणा आमच्या गावी, कुरुंद्याला आला. तो दारूच्या चवीचे व्हिडिओ टाकतो. सोबत भारी जिन आणली होती, मोजक्याच बाटल्या काढलेली. आमची हळद शिजून राहिली होती. ते काम सोडून मी तसाच बैठकीत आलो, त्यानं व्हिडिओसाठी फोन समोर उभा केला, मी दोन्ही ग्लासांत बर्फ टाकला अन् घोट घेतला.

"हळद हाय यात."

"दाजी, लेबलवर धणे हायेत, लिंबाची साल हाय. हळद कुठं?"

"लेबलला काय कळतंय? तू पिऊन बघ."

त्यानं घोट घेऊन डोळे मिटले. "व्हय की हो, दाजी!"

व्हिडिओत त्यानं हळदीचं लई कौतुक केलं. खाली कंपनीचं उत्तर आलं, "वा! आमचं गुपित ओळखणारे तुम्ही पहिलेच."

मी ऐटीत बायकोला दाखवलं. तिनं व्हिडिओ मधेच थांबवला. बर्फ टाकणारा माझा हात कोपरापर्यंत पिवळाधमक.

"कंपनीचं गुपित व्हय हे?" ती म्हणली.

म्हणू द्या. ग्लासात हळद होती का न्हाई? मी बराबरच ओळखली.