जुनी पेटी, नवी पेटी

"जुनी पेटी देऊन टाकतो अन् नवी घेतो—" एवढंच आयकलं मी, माधवी, शपथ सांगते. तुह्या भावाचा, राजदीपचाच आवाज होता. तो परसात फोनवर बोलून राह्यला होता, मी भिंतीच्या या अंगानं नळावर गुंड लावून बसली होती, अन् पुढचं काही आयकाच्या आत नळ फसफस करून सुटला. नळ बंद करतपर्यंत त्याचा फोन बंद. आता तूच सांग, मी काय भिंतीले कान लावाले गेल्ती? नाई. कान हायेत त येते आयकू. बस, इथीच ओट्यावर बस. तुमच्या घराले कुलूप हाय. दोघंही सकाळच्या बसनं चंद्रपूरले गेले, सोमाजीभाऊ अन् राजदीप, त्या खेळाच्या डब्याच्या दुकानात. एका हातानं खांब धरून चढला तुहा बाप बसमधी, एका हातानं, डावा तसाच लोंबत. तू पहाटंच निघाली असशीन सिरोंच्याहून, आलापल्लीले गाडी बदलली असशीन, आंग आंबलं असन. घे, चाय घे. बिस्किट नाई आज.

नाई, गावभर नाई केलं मी. तुले फोन केला, तू पोटची पोरगी, तुले सांगणं माह्यं काम हाय. अन् पोचूच्या बायकोले सांगतलं, ती इथीच बसली होती त काय तोंड शिवून बसू? अन् गुणवंतरावच्या दुकानात जरा बोलणं निघालं. पण मी "विकली" नाई म्हणलं. मी म्हणलं, राजदीप बापाची बाजाची पेटी विकून तो खेळाचा डबा घेऊन राह्यला *वाटते*. आता लोकं "वाटते" खाऊन टाकतेत अन् बाकीचं तेवढं पुढं नेतेत, त्याले मी काय करू? अन् नुसतं आयकूनही नाई बोलली मी. त्याच दिवशी दुपारी पाह्यलं — तुह्या बापाची पेटी, तीच, लाल कपड्यात बांधलेली, राजदीपच्या गाडीवर मागं दोरीनं आवळलेली. मी इचारलं, कुठी नेतं रे? त म्हणे, "येतो मावशी." हे काय उत्तर झालं? कुठी नेतं म्हणलं त येतो म्हणते. मंग घरात जाऊन पाह्यलं, त कोपरा रिकामा. जिथी पेटी राहे तिथी भिंतीवर पांढरा चौकोन दिसून राह्यला होता.

तो डबा पाह्यला काय तू? सिरोंच्यात असतीन म्हणा, तुमच्याकडं तेलंगणातून सारंच येते. काळा डबा, टीव्हीले वायर लावाची, अन् हातात ते दोन शिंगाचं रिमोट. राजदीपनं नागपूरच्या एका दोस्ताजवळून जुना घेतला होता, तीन-चार वर्षं झाली. तीस वर्षाचा घोडा, सेवा केंद्रात लोकांचे सातबारे काढते, अन् घरी आला का ते रिमोट धरून बसते. अन् खेळ कोणता? मारामारीचा. मी एकदा जेवून गेल्ती तुमच्या घरी, कढीचं वाडगं परत कराले. पाह्यलं त त्या टीव्हीत एकाचं मुंडकं उडालं अन् रक्त असं भस्सकन काचेवर. शी. मी म्हणलं, अरे, आपल्या जिल्ह्यात का कमी झालं हे, का तू पैसे देऊन घरात आणून राह्यला? त हासते. थुत.

पण ते त्याचं झालं. बापाले काऊन लावलं त्यानं? तूच सांग. दोन वर्षाखाली लकवा मारला, डावा हात गेला, चंद्रपूरच्या त्या व्यायामवाल्या बाईनं रबराचा चेंडू देला, दाबत राहा म्हणे दिवसभर. दोन दिवस दाबला तुह्या बापानं. तिसऱ्या दिवशी असा भिरकावला का आमच्या गोठ्यात म्हशीच्या पाठीवर पडला. म्हणे, "मी काय लेकरू हावो काय?" बरोबर बोलला. मंग त्याच्या लेकरानं काय केलं, तर लेकराचंच खेळणं बापाच्या हातात देलं. गाड्यांचा खेळ. बाप्पा, सत्तर वर्षाचा माणूस, जीभ बाहेर काढून, वळण आलं का सारं आंग तिकडं वाकवते — मले लाज वाटे पाह्याची. त्या व्यायामवाल्या बाईले राजदीपनं इचारलं, ती म्हणे, बोटं हालवाची गोष्ट कोणतीही असो, चेंडूपेक्षा बरी. तिले काय जाते म्हणाले?

बरं, बोटं हालतेत. ते खोटं नाई सांगत मी. पहिले आंगठा तेवढा हाले, आता बाजूचं बोटही वाकते. अन् ते रिमोट हातात गुरगुरते, माधवी — गाडी रस्त्याच्या खाली उतरली का भुंग्यासारखं गुर्रर्र करते. भाऊ म्हणे, या हाताले चटका लागला त समजत नाई, पण हे गुरगुरणं समजते. म्हणे हाताले कोणी बोलवून राह्यलं असं वाटते. तेवढं मात्र— पण म्हणून काय रोज दोन घंटे? मी चाय घेऊन गेली त मान वर नाई. पहिले ओट्यावर बसे माणूस, दोन गोष्टी बोले, वैनगंगेले पूर आला का, धानाले भाव काय, कोणाच्या घरी पाहुणे आले. आता मी इथी बसलेली अन् तिकडून टीव्हीचा घुंघुं आवाज. तिसऱ्या वळणावर ब्रेक आधीच दाबाचा असते, तो उशिरा दाबते, म्हणून दर वेळी पुलाच्या कठड्यावर आदळते, मी सांगून थकली—

मले कसं मालूम? पाह्यलं म्हणून मालूम. चाय द्याले जाते त डोळे काय घरी ठेवून जाऊ? बरं, एकदा चालवली गाडी मी. त्यानंच हातात देलं. दोनदा. चारदा चालवली असन, हिशोब थोडी ठेवला. मले नाई आवडलं. हाताले घाम येते अन् दिवसभर डोळ्यापुढं रस्ता पळते. अन् त्या रिमोटले कसा वास येते, घामाचा, तेलाचा, बोटाले लागलेल्या भाताचा. दोघंही हात न धुता धरतेत. अन् त्या डब्याच्या जाळीत मुंग्या. खरंच. भाऊ बिस्किट खाता खाता खेळे, चुरा पडे, अन् लाल मुंग्यांची रांग थेट त्या डब्यात. मले कीड पाहून राहवत नाई, तुले मालूम हाय, म्हणून मी ती झुरळाची दवाई आणली अन् त्या जाळीतून दोनदा फुस—

चाय घे, थंडा होऊन राह्यला.

बरं, मारली. काऊन अशी पाहून राह्यली माह्याकडं? मुंग्या मेल्या ना. डबा दुसऱ्या दिवशी बंद पडला, तो काय त्यानंच बंद पडला? जुनाच होता. आधीच गरम होऊन घूं घूं करे. राजदीप म्हणे, आत पाल गेली असन. मी म्हणलं असन. पाल जाऊ शकते. मी कोणाचं काही बिघडवाले नाई केलं, साफ कराले केलं. अन् खरं सांगू? बंद पडला त मले बरंच वाटलं. म्हणलं आता तरी माणूस बाहेर येईन. त कुठी? खाटेवर आडवा. भिंतीकडं तोंड. पंधरा दिवस झाले. ते बाजूचं बोट पुन्हा ताठलं. चेंडू देला त घेत नाई. मी मुद्दाम म्हणलं, चला भाऊ, नाक्यावर जाऊ, त म्हणे, "रुखमा, तू जा."

म्हणून तर राजदीपच्या डोक्यात नवं घ्याचं आलं. जुना दुरुस्त होत नाई म्हणे, सामान भेटत नाई त्याचं. तुले मागितले ना त्यानं अर्धे पैसे? मले मालूम हाय, बोलला असन तो मोठ्यानं. आता तू इचारशीन, मावशी, घ्यावं का नाई? तू त्यासाठीच आली, मले समजते. तुह्या हो-नाईवर हाय सारं. त आयक माह्यं. एक म्हंजे, एवढ्या पैशात दुभती म्हैस येते. म्हैस दूध देते, शेण देते, डबा काय देते? दुसरं, इथी लाईन दिवसातून चारदा जाते. तिसरं, नव्याचा खेळही नवा, त्यात त्या गाड्या असतीन का नसतीन, राजदीप म्हणे असतेत, पण तो आपल्या सोयीनं म्हणते, बापाच्या नावानं आणन अन् स्वतः मुंडके उडवत बसन. मोबाईलवर खेळा म्हणावं त मोबाईल गुरगुरते पण त्याले धराले शिंगं नाईत, डावा हात त्यावर राहातच नाई, घसरते. ते मी पाह्यलं. उशी लावून पाह्यली. नाई जमलं. एवढं मात्र कबूल, त्या रिमोटसारखं दुसरं काही नाई. पण मले किळस येते, माधवी. काय करू. मले त्या प्लास्टिकची किळस येते.

कोणती बोटं होती ती. तुले लहानपणचं थोडंफार आठवत असन. दिवाळी झाली का नाटकवाले येत बोलवाले. मार्कंड्याच्या जत्रेत याची पेटी आयकाले लोकं नाटकाच्या आधी येऊन बसत. सांजच्यानं तालीम तुमच्या घरी, अन् मी इकडं चुलीपाशी. भिंत एकच. तो सूर लावून पाहे, एकच सूर, लांब धरून, अन् माह्या भाकरीची टोपली तवर भरून जाय. तुह्या मायले मी म्हणो, तुले सवय झाली, तुले आयकू येत नाई, मले येते. तीस वर्षं आयकलं. एक पैसा न देता. अन् तेच हात आता— अन् ती पेटी त्या पोरानं डब्यासाठी विकावी? म्हणून केला तुले फोन. म्हणलं पोरगी येईन, नाई म्हणन, अन् हे थांबन.

वाजून राह्यला तुहा. उचल. राजदीपच असन. मी इकडं तांदूळ निवडते, बोल तू, माह्यं ध्यान नाई.

…काय म्हणे? दुकानातच हायेत अजून? अन् जुनी पेटी? "जुनी पेटी" म्हंजे तो डबा? हो — म्हणते भाऊ त्या डब्याले पेटी. "आण रे माही पेटी" म्हणते. मले मालूम नव्हतं असं नाई, पण त्या वक्ती सुचलं नाई, नळ सुटला ना. म्हंजे तो बंद डबा देऊन नवा घेणार होता. अन् दुकानवाला आता तो डबा घेत नाई? काऊन? आत काहीतरी चिकट झालं म्हणे? वास येते?

सांग त्याले. सांगून टाक, मी दवाई मारली म्हणून. पालीच्या नावावर नको जाऊ दे. माह्यावर येऊ दे.

पण बाजाची पेटी गेली ना? ती त मी डोळ्यानं पाह्यली. त मंग? बुद्धविहारात देली? फुकट देली, विकली नाई? असं. बरं झालं. विकली नाई. म्हंजे माह्यं अर्धं खोटं निघालं, अर्धं नाई. पण काऊन देली? राजदीपनं काऊन देऊ देली? भाऊनंच सांगतलं म्हणे? त भाऊनं काऊन? मधीच काऊन थांबली तू, सांग ना, मी काय परकी हावो? सांग.

काय म्हणे, "रुखमा रोज इचारते—"

रोज त… हो. रोज इचारत होती मी. "भाऊ, पेटी कवा काढता?" चाय देता देता. माणसाले बरं वाटावं म्हणून. कोणीतरी वाट पाहून राह्यलं असं वाटावं म्हणून. असंच म्हणला काय तो, त्याच शब्दात? "तिले काय सांगू? त्यापेक्षा पेटीच घरात नको."

असं.

नाई, काही नाई. तांदळात खडे लय निघतेत या खेपेले.

ते दोघं थांबून हायेत ना दुकानात, तुह्या उत्तरासाठी? त हो म्हण त्याले. घेऊन टाका म्हणावं. म्हशीचं मी बोलली ते सोड, मले म्हैस आवडते म्हणून बोलली. किळस माही हाय, ती माह्याजवळ राहू दे. अन् त्या गाड्यांचा खेळ त्यात हाय का नाई, ते दुकानातच लावून पाहा म्हणावं, घरी येऊन नाई. हे मी सांगतलं म्हणून माह्यं नाव नको घेऊ. चायचा कप ठेव तिथीच, मी धुते. जाय, तुमच्या ओट्यावर जाऊन लाव फोन, इथी आवाज नीट येत नाई. जाय माधवी. मी नाई आयकून राह्यली.